राखलेली मूठ

कोणे एके काळची ही गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव ज्याने मला ही गोष्ट सांगितली त्यालाही आठवत नव्हतं. एक नदी होती, नदीकाठी एक नगर होतं आणि नगराला एक बरा राजा होता. बरा म्हणजे फार शहाणा नव्हे, पण सांगितलेलं ऐकून घेणारा. राजाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

त्या नगरात एक रिवाज होता. कुणाला फाशीची शिक्षा झाली, की फासाचा दोर राजाच्या कोठारातून येत नसे. दवंडी पिटली जाई आणि प्रत्येक घराने मूठभर वाख चौकातल्या टोपल्यांत आणून टाकायचा असे. वाख म्हणजे अंबाडीच्या खोडाचे सोललेले धागे. सगळ्या नगराचा वाख एकत्र करून त्याचा दोर वळला जाई. ज्या पूर्वजाने हा रिवाज घातला, त्याला वाटलं होतं, माणसाचा जीव घ्यायचा तर साऱ्या नगराचा हात त्याला लागू दे, म्हणजे प्रत्येक जण आधी दहादा विचार करील.

झालं मात्र उलटंच. मूठ एवढीशी आणि घरं शेकड्यांनी. प्रत्येकाला वाटे, माझ्या एका मुठीने कोण मरतंय? बाजाराला जाता जाता लोक वाख टाकत आणि वांगी कशी दिली याची चौकशी करत पुढे जात. दोर तयार होई, माणूस फासावर जाई आणि हे आपण केलं असं नगरात एकालाही वाटत नसे.

तो दोर वळण्याचं काम एका बाईकडे होतं. साठी उलटलेली, एकटी, हाताला कायमचे घट्टे पडलेले. एरवी ती पोहऱ्याचे दोर, बैलांची दावी, पाळण्याच्या दोऱ्या वळी. सगळे तिला दोरवाली म्हणत. फासाचे अकरा दोर तिने आजवर वळले होते आणि तेही नीट वळले होते, कारण कच्चं काम तिच्या हातून होतच नसे. त्यापलीकडे तिने कधी कुणाला काही विचारलं नव्हतं.

एका वर्षी श्रावणात नदीला मोठा पूर आला. दुसऱ्या दिवशी नगरचा नावाडी काठावर मरून पडलेला सापडला. डोक्याला खोल खोक आणि अंगावर एका मेंढपाळाचं घोंगडं. मेंढ्या नावेत घेण्यावरून त्या दोघांचं आदल्याच दिवशी भर बाजारात कडाक्याचं भांडण झालं होतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं. मेंढपाळ सांगत राहिला, की नाव पुरात खडकावर फुटली, नावाडी फळीखाली अडकला, मी काठी घालून फळी उचकटली, त्यात काठी मोडली, पण त्याला बाहेर ओढला. तोवर तो गेला होता. मग उघड्यावर कसं ठेवायचं म्हणून घोंगडं पांघरलं.

लोकांनी नाव शोधली. फुटकी नाही की धड नाही, नाव कुठेच नव्हती. मग मेंढपाळानेच मारलं आणि नाव पळवली असं सगळ्यांच्या मते ठरलं. राजाने फाशी सुनावली.

फास बेताचा व्हावा म्हणून दोर वळणारीने कोठडीत जाऊन गळ्याचं माप घ्यायचं, हाही तिथला रिवाजच होता. आधीच्यांपैकी कुणी दोरवालीचे पाय धरले होते, कुणी तिला शिव्याशाप दिले होते. मेंढपाळाने मान निमूट पुढे केली आणि एवढंच विचारलं,

"मावशी, नाव सापडली का?"

"नाही रे."

"सापडेल. खालच्या कपारीत गेली असणार. पाणी उतरलं की दिसेल."

दोरवालीचा हात थांबला. नदीचं पाणी उतरायचं ते चैत्रात, फार तर वैशाखात. आणि फाशी होती दहा दिवसांवर. हा खरं बोलतोय की खोटं, हे तिला ठाऊक नव्हतं. पण ते ज्या नदीला ठाऊक होतं, ती सांगायला आठ-नऊ महिने घेणार होती आणि नगराला दहा दिवसांचाही धीर नव्हता. माप न घेताच ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी दवंडी आली. दवंडीवाल्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या तेच काम. सुरुवातीचं तो छाती फुगवून म्हणे आणि शेवटचं पुटपुटून उरके, कारण तोवर लोक घरात गेलेले असत. दोरवाली मात्र त्या दिवशी दारातच उभी राहिली. तिने त्याला थांबवून विचारलं, की अरे, शेवटी तू काय पुटपुटतोस? तो ओशाळला. मग आठवून आठवून त्याने सांगितलं, "ज्या घराला देणं नको, त्याने मूठ राखावी. निम्म्याहून जास्त घरांनी राखली, तर पुढच्या वर्षीची अंबाडी निघेपर्यंत राजाने थांबावं."

हे इतक्या वर्षांत कुणी ऐकलंच नव्हतं. राजवाड्याने लपवलं नव्हतं, कुणी खोडलंही नव्हतं. दर दवंडीला कानावरून जात होतं, एवढंच.

"दादा, एवढं एक कर माझं," दोरवाली म्हणाली. "उद्यापासून शेवटचं मोठ्यांदा म्हण."

दवंडीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली दवंडी शेवटपर्यंत ऐकणारं माणूस त्याला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. त्याने नुसतं मोठ्यांदा म्हटलं नाही, पुढचे सात दिवस तो ढोलकं गळ्यात अडकवून तिच्याबरोबर गल्लोगल्ली फिरला.

दोरवाली दारोदार जाई आणि एकच सांगे, "याला सोडा असं मी म्हणत नाही. तो कोठडीत आहे, तिथेच राहील. नदी उतरेपर्यंत थांबा, एवढंच म्हणते." कुणी तोंडावर दार लावलं. तेलिणीने तर, तुझं कोण लागतं तो, म्हणून चार बायकांत तिची शोभा केली. एका पंडिताने तिला ओसरीवर बसवून दंडनीतीवर प्रहरभर व्याख्यान दिलं, आणि तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. व्याख्यान संपल्यावर तिने विचारलं, "पंडितजी, फाशी दिल्यावर नाव सापडली, तर काय करायचं हे तुमच्या पोथीत कुठे लिहिलंय?" पंडिताने पोथी चाळली. बराच वेळ चाळली. मग तो म्हणाला, की माझी मूठ मी राखतो.

कोष्ट्यांच्या आळीत तिला वाटलं होतं की बायका हसतील. त्या हसल्या नाहीत. एकीने सांगितलं, की दर वेळी मूठ टाकून आल्यावर हात दोनदा धुवावासा वाटायचा, पण का ते कळायचं नाही. तिने दोरवालीला बसवून ताक दिलं आणि आळीतल्या बाकीच्या घरांना आपण सांगू म्हणाली. कुंभाराने तिच्या पायातला काटा काढला. कुठे भाकरी मिळाली, कुठे सावलीला जागा. दोरवाली साठ वर्षं त्या नगरात राहत होती, पण नगरात इतकी माणसं आहेत हे तिला त्या सात दिवसांत कळलं. ज्याने ज्याने हो म्हटलं, त्याचं दार सोडताना ती उंबऱ्याला हात लावून नमस्कार करी.

एक दार मात्र तिने टाळलं होतं. नावाड्याच्या आईचं. पण रिवाजाप्रमाणे पहिली मूठ दुखावलेल्या घराची. तिथे न जाता बाकीचं नगर फिरणं हा भित्रेपणा आहे, हे दोरवालीला कळत होतं. सातव्या दिवशी ती गेली.

नावाड्याची आई अंगणात वाख विंचरत बसली होती. उद्याची मूठ चांगली, लांब धाग्यांची असावी म्हणून.

"कशाला आलीस ते ठाऊक आहे मला," ती वर न बघता म्हणाली. "माझा लेक गेला. थांबून तो परत येणार आहे का?"

"नाही, बाई."

"मग?"

दोरवालीने सात दिवसांत पाठ झालेलं सगळं बोलणं गिळलं. ती शेजारी मातीत बसली. "तुझा लेक शेवटच्या घटकेला एकटा होता की कुणी त्याच्याजवळ होतं, हे फक्त नदी सांगेल," ती म्हणाली. "माझा लेक असता तर मला ते कळायला हवं असतं. म्हणून आले."

नावाड्याची आई वाख विंचरत राहिली. दोरवाली थोडा वेळ बसली आणि उठून गेली. वाटेत ती रडली. एका आईच्या जखमेवर आपण मीठ चोळून आलो, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चौकात सारं नगर लोटलं. टोपल्या मांडलेल्या, राजा ओट्यावर बसलेला. पहिलं नाव पुकारलं गेलं तशी नावाड्याची आई पुढे आली. हातात विंचरलेला, चांदीसारखा वाख. ती टोपलीशी उभी राहिली. तिच्या मागे शेकडो माणसं हातात मूठ घेऊन उभी होती, आणि त्या सगळ्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपली मूठ जड वाटली.

"मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "पण मला कळेपर्यंत मी थांबते." तिने वाख पदरात बांधला आणि ती घरी चालू लागली.

मग रांग हलली. काहींनी मूठ टाकली, कारण त्यांना तेच खरं वाटत होतं आणि तसं वाटण्याचा त्यांना हक्क होता. पण त्याहून पुष्कळ जास्त माणसं मूठ न टाकता टोपल्यांवरून नुसती पुढे गेली. राजाने मोजणी ऐकली, दवंडीवाल्याकडून शेवटचं वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं आणि थांबण्याचा हुकूम दिला. जवळच्यांनी पाहिलं, राजाने तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला. राजालाही कुणीतरी थांब म्हणणारं लागतं.

पुढचे आठ-नऊ महिने दोरवालीला सोपे गेले नाहीत. जाता येता टोमणे बसत, की हिने खुन्याला पोसलं. काहींनी तिच्याकडून दावी घेणं सोडलं. ती उलट बोलली नाही. तिला स्वतःलाही खात्री कुठे होती? पण कोष्टीण तिच्याकडे येऊन बसे, कुंभार विचारपूस करी, आणि त्या आधारावर तिचे दिवस सरले.

नदी मात्र आणखी कुणीतरी रोज बघत होतं. नावाड्याची आई दर सकाळी काठावर जाई आणि पाणी किती उतरलं ते पाहून येई. चैत्र गेला. वैशाखात एका सकाळी खालच्या कपारीत तिला एक फळी दिसली. गुडघाभर पाण्यातून ती एकटीच तिथवर गेली. नाव होती. तळ फुटलेला, दोन खडकांत पाचर बसल्यासारखी अडकलेली. फटी बुजवायला तिने स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या दिल्या होत्या, त्या अजून तिथे होत्या. आणि उचकटलेल्या फळीखाली मेंढपाळाची काठी होती, मधोमध मोडलेली.

तिच्या हाकांनी नगर गोळा झालं. राजा स्वतः पाण्यात उतरून पाहून आला. त्याच दिवशी कोठडीचं दार उघडलं. दाराशी नावाड्याची आई उभी होती. मेंढपाळ तिला पाहून घाबरला, पण तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि विचारलं, "शेवटी काही बोलला का रे तो?"

"तो आधीच गेला होता, आई," मेंढपाळ म्हणाला. "पण मी बोललो त्याच्याशी. रात्रभर बसलो होतो त्याच्यापाशी."

ती तशीच दोरवालीच्या घरी आली. दोरवाली अंगणात दोराला पीळ देत होती. नावाड्याची आई तिच्या पायाशी वाकली, आणि दोरवालीने गडबडीने तिला वर उचललं.

"माझ्या लेकाला शेवटचा हात ज्याने दिला, त्यालाच मी माझ्या हाताने मारणार होते," नावाड्याची आई म्हणाली. "चांगला वाख विंचरून ठेवला होता गं मी. तू आली नसतीस तर मी जन्मभर समाधानात जगले असते, आणि ते समाधान केवढं मोठं पाप झालं असतं. तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार तुझे," दोरवाली म्हणाली. "मी बाराव्या दोरातून सुटले." आणि मग पहिले अकरा तिला आठवले. त्या अकरांपैकी कुणाची नाव कुठल्या कपारीत होती, हे आता कोणती नदी सांगणार होती? नावाड्याच्या आईला ते न सांगता कळलं. ती संध्याकाळपर्यंत तिच्यापाशी बसून राहिली.

अंबाडी निघाली तेव्हा राजाने नगराला विचारलं, की थांबण्याची मुदत संपली, आता इथून पुढे फाशी द्यायची की थांबायचं? दवंडीवाल्याने प्रश्न खणखणीत म्हटला. नगराने मूठ पुन्हा राखली. त्याच्या पुढच्या वर्षीही राखली. गुन्हेगार कोठडीत जात राहिले आणि ज्यांनी खरंच पाप केलं होतं ते तिथेच म्हातारे झाले. पण त्यांच्यातल्या दोघांचं निरपराधपण पुढे उजेडात आलं, आणि त्यांना घरी पाठवता आलं, कारण घरी पाठवायला ते जिवंत होते.

तात्पर्य: घेतलेला जीव कुणालाही परत देता येत नाही, म्हणून ज्या हाताकडून चूक होऊ शकते, त्या हाताने आधी थांबावं.