टिकलूचा पांढरा बाण

एक होता कोळी. टिकलीएवढा. म्हणून त्याचं नाव टिकलू.

टिकलू जाळं विणत नसे. तो उड्या मारी. टुण टुण टुणुक!

टिकलू राहायचा तात्यांच्या टेबलावर. टेबलावर होता लॅपटॉप. लॅपटॉपच्या पडद्यावर होता एक पांढरा बाण.

रोज संध्याकाळी तात्या खुर्चीत बसत. माऊसवर हात ठेवत. की बाण पळे, सुर्रर्र! टिकलू त्याच्या मागे, टुण टुण टुणुक! बाण वर, टिकलू वर. बाण खाली, टिकलू खाली. गप्पकन झडप!

"पकडला रे पकडला! वाघ आहेस, वाघ!" तात्या म्हणत.

एक दिवस तात्या खुर्चीत आले नाहीत. तात्या वारले. म्हणजे ते आता येणार नव्हते. टिकलूला हे कोणी सांगितलं नाही.

घरात माणसं आली. खूप माणसं. "काही लागलं तर सांगा हं," म्हणाली. चहा प्यायली. गेली.

जाता जाता एकाचा न प्यालेला कप टेबलावर लवंडला. भळ्ळ! सगळा चहा लॅपटॉपच्या बटणांवर. लॅपटॉप म्हणाला, चर्रर्र! आणि बंद पडला. पडदा काळा. बाण नाही.

टिकलू पडद्याकडे गेला. टुण टुण टुणुक!

"पडद्या, पडद्या, उजळ ना! माझा बाण मला दे ना!"

"मी नाही उजळणार," पडदा म्हणाला. "मला काय धाड भरलीय? मी धडधाकट आहे. बिघडला तो लॅपटॉप. पण मला चित्र कोण देणार? टेबलाच्या खणात पडद्याला चित्र पोचवणारा हिरवा बोर्ड आहे. तो बोलेल तर मी उजळेन."

टिकलू खणात गेला. टुण टुण टुणुक! जुन्या वायरींच्या गुंत्यात हिरवा बोर्ड पडला होता.

"का रे टिकलू, आठ डोळ्यांत पाणी का?"

"पडदा उजळेना,
टिकलूला बाण मिळेना!
बोर्डा, बोर्डा, बोल ना!"

"मी नाही बोलणार," बोर्ड म्हणाला. "मी कोणाशीही बोलत नाही. पडद्याच्या पाठीवर नंबर असतो. तो आधी बघायचा. माझ्याशी जुळला तरच बोलायचं. पाठ आहे झाकणाखाली. झाकणाचा स्क्रू सुटेल तर मी बोलेन."

टिकलू स्क्रूकडे गेला. टुण टुण टुणुक! स्क्रू रबराच्या टोपीखाली झोपला होता.

"का रे टिकलू, आठ डोळ्यांत पाणी का?"

"बोर्ड बोलेना,
पडदा उजळेना,
टिकलूला बाण मिळेना!
स्क्रू, स्क्रू, सूट ना!"

"मी नाही सुटणार," स्क्रू म्हणाला. "सात वर्षं घट्ट बसलोय. एका कोळ्यासाठी का उठू? स्क्रूड्रायव्हर फिरेल तर मी सुटेन."

टिकलू स्क्रूड्रायव्हरकडे गेला. टुण टुण टुणुक! तो पेनांच्या डब्यात उलटा उभा होता.

"का रे टिकलू, आठ डोळ्यांत पाणी का?"

"स्क्रू सुटेना,
बोर्ड बोलेना,
पडदा उजळेना,
टिकलूला बाण मिळेना!
स्क्रूड्रायव्हर, स्क्रूड्रायव्हर, फिर ना!"

"मी नाही फिरणार. आपोआप फिरायला मी काय पंखा आहे? विदुलाताई हातात घेईल तर मी फिरेन."

विदुलाताई तात्यांची मुलगी. ती कपाटापाशी बसली होती. तात्यांचे शर्ट काढत होती. काही द्यायचे. काही ठेवायचे. ठेवायचा ढीग मोठा होता.

टिकलू तिच्या गुडघ्यावर गेला. टुण टुण टुणुक!

"अगं बाई, कोळी! तात्यांचा का तू? का रे टिकलू, आठ डोळ्यांत पाणी का?"

"स्क्रूड्रायव्हर फिरेना,
स्क्रू सुटेना,
बोर्ड बोलेना,
पडदा उजळेना,
टिकलूला बाण मिळेना!
विदुलाताई, विदुलाताई, घे ना!"

"मी नाही घेणार," विदुलाताई म्हणाली. "तात्यांच्या टेबलाला हात लावायचा? नको रे बाबा. माई हो म्हणेल तर मी घेईन."

माई म्हणजे विदुलाताईची आई. माई स्वयंपाकघरात वाल सोलत होती. पच्! साल इकडे. पच्! डाळिंबी तिकडे.

टिकलू ताटाच्या काठावर गेला. टुण टुण टुणुक!

"का रे टिकलू, आठ डोळ्यांत पाणी का?"

"विदुलाताई घेईना,
स्क्रूड्रायव्हर फिरेना,
स्क्रू सुटेना,
बोर्ड बोलेना,
पडदा उजळेना,
टिकलूला बाण मिळेना!
माई, माई, हो म्हण ना!"

"मी नाही म्हणणार," माई म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. त्यांना विचारल्याशिवाय त्या टेबलाला कोणी हात लावला नाही. फडक्यानेसुद्धा नाही. ते हो म्हणतील तर मी हो म्हणेन."

"कुठे आहेत तात्या?" टिकलूने विचारलं.

पच्! माईने वाल सोलला. पच्! आणखी एक सोलला.

मग टिकलू आपणच गेला. तात्यांच्या खुर्चीकडे. टुण टुण टुणुक!

खुर्चीत तात्या नव्हते. टिकलू खुर्चीच्या हातावर चढला आणि म्हणाला,

"माई हो म्हणेना,
विदुलाताई घेईना,
स्क्रूड्रायव्हर फिरेना,
स्क्रू सुटेना,
बोर्ड बोलेना,
पडदा उजळेना,
टिकलूला बाण मिळेना!
तात्या, तात्या, हो म्हणा ना!"

कोणी विचारलं नाही, आठ डोळ्यांत पाणी का.

टिकलू थांबला. खूप वेळ थांबला. खुर्ची तशीच. टिकलू परत माईकडे गेला. हळूहळू. टुण. टुण. टुणुक.

"काय रे," माई म्हणाली, "काय म्हणाले?"

"हो नाही म्हणाले."

"मग झालं तर."

"पण माई, नाहीसुद्धा नाही म्हणाले."

माईचा हात थांबला.

तात्या नाही म्हणाले की घरभर ऐकू यायचं. फडताळातल्या वाट्या वाजायच्या. माईने कान दिला. नळ ठिपकत होता. टप्. टप्. दुसरं काही ऐकू आलं नाही.

"हो," माई म्हणाली. फार हळू. मग तिने वालाचं ताट बाजूला सारलं. "हो म्हणावं. जा, सांग तिला."

माई हो म्हणाली,
विदुलाताईने हातात घेतला,
स्क्रूड्रायव्हर फिरला, करकर करकर!
स्क्रू सुटला, टक्क!

झाकण निघालं. पडद्याची पाठ दिसली. पाठीवर नंबर. विदुलाताईने चष्मा लावला. एक एक आकडा वाचला. जुळला!

तिने लॅपटॉपपासून पडदा वेगळा केला. टेबलावर दोन जाड पुस्तकांना टेकवून उभा केला. पडद्याला लावली वायरची चपटी पट्टी. पट्टीला लावला बोर्ड. बोर्डाला लावला स्वतःचा लॅपटॉप. त्याला लावला तात्यांचा माऊस. मग बटण दाबलं.

बोर्ड बोलला, टिंग!
पडदा उजळला, लख्ख!

खालचा लॅपटॉप गेला, तरी पडदा एकटाच उभा होता. आणि मधोमध पांढरा बाण!

टुण टुण टुणुक! टिकलूने झडप घातली. गप्प! पकडला!

पण बाण पळालाच नव्हता.

टिकलू मागे सरला. "बाणा, बाणा, पळ ना!"

"मी नाही पळणार," बाण म्हणाला. "तात्यांचा हात येईल तर मी पळेन."

टिकलू कुठे गेला नाही. तो खुर्ची बघून आला होता.

टिकलू पडद्यावर बसला. आठ पाय पोटाशी घेऊन.

माई पदराला हात पुसत आली. तिने पडदा बघितला. बाण बघितला. टिकलू बघितला. मग खुर्ची ओढली आणि बसली. आजवर त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती.

"कसं गं धरतात हे?"

"असं, माई. आवळू नकोस. नुसतं सरकव."

माईने सरकवलं. भर्रर्र! बाण थेट कोपऱ्यात.

टुण टुण टुणुक! टिकलू धावला. बाण तिथे नव्हता. तो वर गेला होता. टिकलू वर गेला. बाण खाली.

"अगं, हळू," विदुलाताई म्हणाली. "तात्या बघ कसे अलगद..."

"मला नाही तसं येत," माई म्हणाली. "येणारही नाही."

पण तिने हात काढला नाही.

तर असा टिकलूला बाण मिळाला. त्याला हवा होता तो नाही. दुसरा. थरथरणारा, वेडावाकडा.

रोज संध्याकाळी बाणामागे टिकलू पळतो. हातामागे बाण पळतो. आणि माईचा हात कुठे पळतो, ते माईलाही ठाऊक नाही.