शेपटीखालची शितं

बऱ्याच वर्षांपूर्वी एका विणकराच्या घरी चिंगी मांजर होती. तिच्या शेपटीखाली भाताच्या शितांसारखे तुकडे दिसू लागले. ती ते चाटून लपवू लागली.

शेजारचा म्हातारा बोकड म्हणाला, "अंग चाटताना पिसवा गिळल्या गेल्या, म्हणून पोटात जंत झालेत. मालकिणीला दाखव."

"ती मला टाकून देईल!"

चिंगीला कुठेच चैन पडेना. एकदा मालकिणीची रांगती लेक पारू तिच्या अंगावर लोळली. एक पिसू पारूच्या बोटाला चिकटली आणि बोट तोंडाकडे निघालं. चिंगीने पंजाने ते झटकलं. पारू रडली.

"लेकीला मारतेस?" मालकीण ओरडली.

चिंगी पळाली नाही. तिने पाठ फिरवून शेपटी उचलली. मालकिणीने निरखून पाहिलं आणि टोपली आणली. आता रानात सोडणार, असं वाटून चिंगी अंग चोरून आत बसली.

टोपली उघडली ती गुरांच्या डॉक्टरांपुढे. औषध पाजून होईपर्यंत मालकिणीने तिला मांडीवरच धरलं होतं.