वस्तादांचा पाना

"म्हणजे यंदाही पाना नाहीच का, वस्ताद?" जालिंदरनं विचारलं.

दस्तगीर वस्ताद हातातली नळी पुसत राहिले.

घाटाच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज. तिथली रीत अशी, की खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची आणि जो शिष्य तयार झाला असेल, त्याच्या हाती वस्ताद आपला पाना द्यायचे. मग त्यानं खुशाल स्वतःचं गॅरेज काढावं. पाना नाही, तर गॅरेजही नाही.

नवमी उद्यावर आली होती. जालिंदरनं बाजारात गाळा बघून ठेवलेला, पाटीसुद्धा रंगवून घेतलेली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! पण गडी हाताचा गुणी होता हो. इतकी वर्षं राबल्यावर त्याचा जीव तुटणारच.

"माझ्या हातात काय खोट आहे, तेवढं तरी सांगा..."

तेवढ्यात सर्जेराव ड्रायव्हरची जीप धूर ओकत दारात आली. मागं ती घाटात सारखी उकळायची. जालिंदरनंच दुरुस्त केली होती.

"आता उकळत नाही," सर्जेराव म्हणाले, "पण चढाला दम धरत नाही बघा. डिझेल तर नुसती ढोसते."

वस्तादांनी इंजिनावर तळवा ठेवला. अख्खा घाट तुडवून आलेली गाडी, आणि इंजिन आपलं कोमट.

"थर्मोस्टॅट कुठाय?"

"काढून टाकला." जालिंदरनं मान ताठ केली. "अडकून बसला होता. पाणी रेडिएटरकडं जाऊच देत नव्हता. आडवा येणारा ठेवायचा कशाला? सगळेच काढतात."

"सगळेच काढतात..."

वस्तादांनी फळीवरून नवा थर्मोस्टॅट घेतला. पितळेची एक चकती, खाली स्प्रिंग. चहाच्या पातेल्यात पाणी घालून त्यांनी तो आत सोडला आणि स्टोव्ह पेटवला.

"बघत बस."

जालिंदर बसला. पाणी कोमट झालं. चकती बंद.

वाफ निघायला लागली. बंदच.

"हाही बाद आहे!" जालिंदरनं पक्कड पुढं केली.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"अहो, पण उघडत नाही तो!"

"काम करतोय."

"बंद राहून?"

...

पाण्याला उकळी फुटायच्या जरा आधी चकती आपसूक वर उचलली गेली. कुणी हात लावला नव्हता.

जालिंदर बघतच राहिला. इंजिन पुरतं तापल्याशिवाय जोर धरत नाही, आणि तोवर पाणी अडवून धरणं हेच त्या चकतीचं काम; सर्जेरावांच्या गाडीतून आपण काय काढून फेकलं होतं, हे त्याला आत्ता कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वस्तादांनी खिळ्यावरचा आपला पाना काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"बसव."

रेडिएटरपासून निघालेली वरची नळी इंजिनाला जिथं भिडते, तिथलं झाकण जालिंदरनं उघडलं. जुना चिकटा खरवडून काढला. स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला ठेवून थर्मोस्टॅट बसवला, नवं पॅकिंग घातलं, झाकण आवळलं, पाणी भरलं. मग गाडी चालू करून नळीवर तळवा ठेवून उभा राहिला.

नळी गार.

"काय रे, बिघडलं का काय?" सर्जेराव कासावीस झाले.

"थांबा तात्या. आधी इंजिन तापू दे."

हे जालिंदर बोलला! एरवी एवढ्या वेळात त्यानं झाकण पुन्हा उघडलं असतं. वस्तादांनी मान वळवून एकदा त्याच्याकडं बघितलं.

बऱ्याच वेळानं त्याच्या तळव्याखाली नळी एकदम गरम झाली. त्याचे डोळे भरून आले.

सर्जेराव गेले. जालिंदरनं पाना फडक्यानं पुसला, होता तिथंच खिळ्याला अडकवला.

"उद्याच्या पूजेला झेंडू मी आणतो, वस्ताद," तो म्हणाला. पाटीचं नाव काढलं नाही, गाळ्याचं नाही. खाली मान घालून तो दाराकडं निघाला.

"जालिंदर..."

तो थांबला.

"तो खिळा माझा आहे. पान्यासाठी तुझा खिळा तुझ्या भिंतीत ठोक."