देवदाराचं अंथरूण

माणसांना घरात प्राणी पाळायची नवी हौस लागली होती, तेव्हाची गोष्ट. इंदूताईंच्या पिंजऱ्यात भुरी नावाची गिनीपिग फाडलेल्या रद्दी कागदांवर सुखाने झोपायची. हळदीकुंकवाचा दिवस आला, तसं ताईंनी त्या कागदांकडे बघून नाक मुरडलं. "बायका काय म्हणतील!" असं म्हणत त्यांनी कागद काढून कोपऱ्यात टाकले आणि देवदाराचा सुवासिक भुसा अंथरला.

भुरीचं नाक चुरचुरू लागलं, श्वास कोंडला. "बाबा रे, छातीत भरतोयस. जरा बाजूला हो," ती भुशाला म्हणाली.

"माझ्यामुळे घर घमघमतंय," भुसा तोऱ्यात म्हणाला. "मला काय तुझ्यासाठी आणलंय?"

बायका आल्या तेव्हा भुरीची छाती घरघरत होती. "अगंबाई, गाते की ही!" एकीने कौतुक केलं. ताई खूश झाल्या आणि त्यांनी आणखी दोन मुठी भुसा टाकला.

तिसऱ्या दिवशी पिंजरा गप्प झाला. भुरीला पुरायला चांगलं फडकं कशाला वाया घालवायचं, म्हणून ताईंनी कोपऱ्यातली रद्दी घेतली आणि तिला त्यात गुंडाळलं.

कागद हळूच म्हणाला, "आलीस? झोप आता."