टिटवीची दुसरी अंडी

झाडंसुद्धा बोलायची त्या काळची गोष्ट. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस दांडगा, नदीच्या वाळूत घातली की बेताचा, असा साऱ्या रानाचा भरवसा होता. त्या साली तिने टेकडीवर अंडी घातली. प्रजा घाबरेल म्हणून सिंहमहाराजांनी तिच्यावर पाळतीला कावळा बसवला.

"बाई, महाराजांचं लक्ष आहे बरं," तो दिवसभर म्हणे.

शेवटी टिटवीचा धीर सुटला. टेकडीवरची अंडी टाकून तिने दुसरी वाळूत घातली. ती पाहून ससे निर्धास्तपणे नदीकाठीच राहिले.

आषाढात पूर आला. सशांची बिळं गेली, टिटवीची अंडीही गेली.

वाचलेल्या एका सशाने विचारलं, "टिटवीताई, पूर येणार हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

टिटवीने फांदीवरच्या कावळ्याकडे पाहिलं.

"कसला पूर?" ती म्हणाली.