कामाचं बोलणं

त्या राज्याच्या मधोमध एक दरी होती आणि ती ऐकत असे.

कड्यावर कोणी काही बोलले, की दरी ते गिळून टाकी. इतर डोंगरांत हाक परतते तशी तिथे परतत नसे. मात्र कोणी मेले, की त्याच्या घरचे कड्यावर जात आणि त्याचे नाव घेऊन एकदाच हाक मारीत. काही वेळ नुसते धुके हलत राही. मग खोल तळातून मेलेल्याचाच आवाज वर येई आणि एक वाक्य बोले. ते वाक्य दरी ठरवीत असे: तो जन्मभर कड्यावर जे सर्वांत जास्त वेळा बोलला होता, ते. उत्तर ऐकून घरचे माघारी फिरत. गेलेला तेव्हा खरा गेला, असे मानत.

थोरला गवा गेला तेव्हा वर आले, "सरक तिकडे!" रडणाऱ्या अख्ख्या कळपाला हसू फुटले, आणि हसता हसता सगळे खरोखरच थोडे सरकले. म्हाताऱ्या साळिंदरबाईच्या मागे वर आले, "खाल्लंस का काही?" तिचा नातू त्या दिवशी कड्यावरून उठायलाच तयार नव्हता. म्हणून त्या राज्यात पिलांना दटावण्याची एकच रीत होती. "नीट बोल. दरी ऐकतेय."

कड्याच्या उतारावर भेकरांचे एक घर होते. आई शेवरी आणि लेक केवडी. रोज सकाळी झुडपांतून कड्यावरच्या मोकळ्या गवतात पाऊल टाकण्याआधी शेवरी म्हणे, "थांब गं. आधी वास घे." केवडीला वाऱ्यावर बिबट्याचा वास ओळखायला शिकवले ते या वाक्याने. लहानपणी तिला त्याचा कंटाळा येई. ती आईच्या आधीच ते म्हणून दाखवी आणि आई तिच्या कानाला हळूच चावे. आई गेल्यावर दरीतून काय वर येईल, हे केवडीला पक्के ठाऊक होते. मरणाच्या गोष्टी निघाल्या की इतर पिले घाबरत. केवडी घाबरत नसे.

मग पाहुणे आले.

पहिला पाहुणा म्हणजे पठारावरचा एक घोडा. वाट चुकून तो कड्यावर आला, तेव्हा एका सशाच्या नावाने हाक चालू होती. त्याने उत्तर ऐकले आणि परत जाऊन सगळ्या पठाराला ते सांगितले. पुढच्या ऋतूत घोडे, बोकड, बदके, मोर असे थवेच्या थवे येऊ लागले. येताना ते मिठाचे खडे आणीत. त्या राज्यात मीठ कुठेच नव्हते. एकदा जिभेवर खडा विरघळला, की दुसऱ्या दिवशी गवत बेचव लागे.

राज्याचा कारभार एक वानर पाहत असे. त्याला सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी सभा बोलावली आणि कड्याचा विकास करायचे ठरले. कठडा बांधायचा. वाटेवर फाटक लावायचे. गवत काढून फरशी घालायची. झऱ्याचे पाणी पाहुण्यांच्या मुक्कामाकडे वळवायचे. अडचण एकच होती. पाहुण्यांना उत्तर ऐकायचे होते, आणि राज्यात रोज कोणी मरत नव्हते.

"त्यात काय," अण्णा म्हणाले. "साळुंख्या आहेत की!"

कपारींमध्ये साळुंख्या बसवायच्या, पाहुण्यांनी आपापल्या मेलेल्यांची नावे घेऊन हाका मारायच्या आणि साळुंख्यांनी उत्तर द्यायचे, असे ठरले. कोणते उत्तर, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी सर्वांना आवडेल असे एक निवडले गेले: "मी सुखात आहे."

केवडी तेव्हा नुकतीच मोठी झाली होती. ती उभी राहिली. "अण्णा, पण हे सगळं ओरडणं जाणार कुठे? दरीतच ना? तिला किती पेलेल, ते आधी बघा तरी!"

सभेत कोणीतरी म्हणाले, "आली मोठी दरीची मावशी!" सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ते मोठ्यांदा म्हणाले, "अगदी योग्य मुद्दा आहे. यावर अभ्यास झालाच पाहिजे." आणि त्यांनी तिथल्या तिथे तो अभ्यास कासवाकडे सोपवला. कासवाने संपूर्ण दरीला प्रदक्षिणा घालून आपले मत द्यायचे होते. कासव लगेच निघाले. कठड्याचे कामही लगेच सुरू झाले.

कड्यावर पाहुण्यांना वळण लावायला कोणीतरी हवे होते. शेवरीचा आवाज खणखणीत होता, लांब जात होता. अण्णा स्वतः तिच्या दारी आले.

"वहिनी, तुमच्यासारखा गळा दुसऱ्या कोणाचा नाही. दिवसभर उभं राहायचं आणि पाहुण्यांना नीट हलवायचं, एवढंच."

शेवरी घुटमळली. "पण अण्णा, मी तिथे तेच तेच बोलणार. दरीनं ते धरून ठेवलं तर?"

अण्णा खळखळून हसले. "अहो, ते कामाचं बोलणं! दरी आपलं बोलणं ऐकते, कामाचं नाही ऐकत."

याआधी त्या कड्यावर कामासाठी कधी कोणी बोललेच नव्हते. त्यामुळे हे खरे की खोटे, कोणालाच माहीत नव्हते. पण ते सगळ्यांना पटले. कठड्यापाशी पाहुण्यांना हाका शिकवणारा बोकड, मुक्कामाकडे बोलावणारा ससा, फाटकावरचा धाकटा गवा, सगळे एकमेकांना सांगू लागले, "छे छे, कामाचं बोलणं धरत नाही ती."

शेवरी कामावर उभी राहिली. सूर्य वर आल्यापासून मावळेपर्यंत ती म्हणे, "या, या! पुढे सरका, मागच्यांना जागा द्या! परत या बरं का!" ती हे इतके गोड म्हणे की पाहुणे तिच्याकडे वळून पाहत. तिच्यामागे बदके एका सुरात कलकलत, घोडे खिंकाळत, कपारींतून "मी सुखात आहे" येई, आणि कोणी ना कोणी हमसून रडे. घरी येताना शेवरीच्या तोंडात मिठाचा खडा असे. रात्रभर माय-लेकींना तहान लागे. झरा आता त्यांच्या उतारावर येत नव्हता.

हळूहळू शेवरीचा गळा बसू लागला. दुसऱ्या दिवसासाठी तो राखायला हवा म्हणून ती घरी बोलेनाशी झाली. भूक लागली, झोप आली, हे ती कानांच्या हालचालीने सांगे. चरायला आता दूर खालच्या रानात जावे लागे. तिथेही मोकळ्यावर पाऊल टाकण्याआधी ती नुसती थबके आणि नाक वर करी.

"आई, म्हण ना एकदा," केवडी म्हणे.

शेवरी मानेकडे खूण करी आणि लेकीच्या कानाला चावे.

दरीचेही काहीतरी बिनसत चालले होते. पूर्वी पहाटे तिथून गार, ओला वास येई. आता शिळ्या हवेचा येई. साळुंख्या घरट्यात झोपल्या तरी झोपेत म्हणत, "मी सुखात आहे." त्यांची पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा हेच बोलली, तेव्हा अण्णांनी ती गोष्ट पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगितली.

एका पहाटे केवडीला जाग आली तर आई शेजारी नव्हती. माग काढत ती कड्यावर गेली. फाटक अजून उघडायचे होते. शेवरी एकटीच कठड्याला छाती टेकून दरीवर वाकली होती. तिचे ओठ हलत होते. केवडी अगदी जवळ गेली तेव्हा तिला ते ओठांवरून ओळखता आले. थांब गं. आधी वास घे. थांब गं. आधी वास घे. आवाज म्हणून काहीच निघत नव्हता, नुसता श्वास.

"आई, घरी चल."

शेवरीने मान हलवली आणि ओठ हलवतच राहिली. मग फाटकावर पहिले बोकड जमले, ती सरळ उभी राहिली, आणि सगळा जोर एकवटून तिने हाक दिली, "या, या!" दिवसाच्या त्या एका कामापुरता आवाज अजून शिल्लक होता.

त्यानंतर ती रोज पहाटे जाऊ लागली. केवडी तिच्या शेजारी उभी राही. तिने आईच्या वतीने ते वाक्य म्हणून उपयोग नव्हता. दरीला ज्याचा त्याचा आवाज लागतो.

सुगीनंतर, पाहुण्यांची सर्वांत जास्त गर्दी असताना, शेवरी वारली.

केवडी अण्णांकडे गेली आणि म्हणाली, "मला हाक मारायचीय. त्या वेळी कडा रिकामा हवा."

"रिकामा कसा करू, पोरी?" अण्णांचा आवाज खरोखर मऊ झाला होता. "लांबून आलेत बिचारे. पण सगळ्यांना गप्प बसायला सांगतो. आणि हे बघ, त्यांनाही एक खरं उत्तर ऐकायला मिळेल. वहिनींना आवडलं असतं."

दुपार कलली तेव्हा कड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. साळुंख्या चोची मिटून कपारींच्या तोंडाशी बसल्या. राज्यातले सगळे आले होते. कासवही आले होते. त्याची प्रदक्षिणा कठड्यापाशी येऊन अडली होती, आणि कठडा ओलांडायची परवानगी मागत ते कधीपासून तिथेच बसून होते.

केवडी कठड्यापाशी गेली. पाऊल टाकण्याआधी ती थबकली आणि तिने वास घेतला. मीठ, घाम, शिळी हवा. मग तिने हाक मारली.

"शेवरीss!"

धुके हलले. बराच वेळ काही झाले नाही. एका मोराने शेजारच्याला काहीतरी विचारले आणि शेजारच्याने त्याला गप्प केले. केवडीने डोळे मिटले होते. तिचे ओठ आईच्या आधीच ते म्हणायला उघडले होते.

मग तळातून आवाज आला. शेवरीचाच. बसलेला नव्हे, जुना, खणखणीत, गोड.

"या, या! पुढे सरका, मागच्यांना जागा द्या! परत या बरं का!"

फाटकावर धाकट्या गव्याने तोंड उघडले होते. मागून आलेल्यांना तो रोजचे काहीतरी सांगणार होता. त्याने दरीकडे पाहिले आणि तोंड मिटले. हाका शिकवणाऱ्या बोकडाने मिटले. मुक्कामाकडे बोलावणाऱ्या सशाने पंजा ओठांवर धरला.

पाहुणे मात्र निमूटपणे पुढे सरकले. मागच्यांना जागा झाली. त्या रेट्यात केवडी कठड्यापासून हळूहळू मागे, फाटकाबाहेर ढकलली गेली.