राजामामाची वाटी

फार जुनी गोष्ट आहे, पहाटे घरोघरी जाती घरघरायची तेव्हाची. एका गावात एक राजा राहायचा. राजा मनाने चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही पोरं त्याला वाईट ठरवून मोकळी होता.

एका वर्षी पावसाने दडी मारली. शेतं करपली. त्या साली जन्मलेल्या बाळांच्या उष्टावणाची पंचाईत झाली. उष्टावण म्हणजे बाळाच्या तोंडात अन्नाचा पहिला घास, आणि तो मामाने भरवायचा. पण मामा सगळे पोट भरायला परमुलखात गेलेले, आणि घरात तांदळाचा दाणा नाही. हे राजाच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "या सगळ्या बाळांचा मामा मी."

मग काय विचारता. देवळापुढे मांडव पडला, सनई-चौघडा वाजला. राजाने चांदीच्या वाटीत खीर घेतली आणि एकेका बाळाला मांडीवर घेऊन घास भरवला. आयांच्या डोळ्यांना धारा लागल्या. राजाचेही डोळे भरून आले. खरं सांगते, त्या दिवशी त्याच्याइतका सुखी माणूस राज्यात नव्हता.

तिथेच तर घोळ झाला. राजा त्या दिवसाच्या प्रेमातच पडला. दरवर्षी त्या तिथीला ती वाटी घासूनपुसून पालखीत ठेवायची, मिरवणूक काढायची आणि राजाने तो दिवस पुन्हा सगळ्यांना सांगायचा. कोणतं बाळ रडलं, कोण त्याचं बोट सोडेना, खिरीला वेलदोड्याचा वास कसा सुटला होता. ऐकून ऐकून प्रधानालाही ते पाठ झालं होतं.

बाळं मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. शाळाही राजानेच बांधलेली. एका वर्षी पालखी सकाळी थेट शाळेत आली. राजा गोष्ट सांगायला बसला, आणि गोष्टीतली खीर वाटीत पडते न पडते तोच पुढच्या रांगेतली एक मुलगी डोळे मिटून भिंतीला टेकली. सगुणी तिचं नाव.

प्रधान खवळला. "महाराज बोलतायत आणि ही झोपा काढतेय. पंतोजी, हिचं नाव काढून टाका. उद्यापासून शाळेत दिसता कामा नये."

पंतोजी बिचारे हात चोळत उभे राहिले. सगुणीचा चेहरा उतरला. शाळा सुटली तर उद्यापासून आईबरोबर खडी फोडायला जायचं, हे तिला ठाऊक होतं.

राजाने प्रधानाला हाताने थांबवलं. "काय गं, मामाची गोष्ट आवडली नाही?"

"आवडली. पण खीर आली की जास्त भूक लागते. डोळे मिटले की जरा कमी लागते."

"सकाळी काय खाल्लंस?"

"रात्रीची भाकरी उरली तर खाते. काल उरली नाही." मग तिने पालखीकडे पाहिलं. "मामा, त्या वाटीत आत्ता काय आहे?"

"आत्ता काही नाही गं. पण याच वाटीतून मी तुला पहिला घास भरवला होता."

"आई सांगते तसं. मला नाही आठवत. मी लहान होते."

इतकी वर्षं जी चव राजा जिभेवर घोळवत होता, ती त्या पोरांच्या जिभेवर राहिलीच नव्हती. त्याने वर्गावरून नजर फिरवली. बरीच पोरं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हे त्याला आजवर कधी दिसलं नव्हतं.

प्रधान पुढे सरसावला. "महाराज, उद्या पुन्हा मांडव घालू. चौघडा, खीर, सगळं तसंच. लोक जन्मभर नाव घेतील."

राजाला ते पटलं. पटणारच, त्याचा जीव तिथेच अडकला होता. त्याने सगुणीला विचारलं, "उद्या खीर चालेल ना?"

"चालेल," सगुणी म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, "आणि परवा?"

त्या दिवशी राजाला जेवण गोड लागलं नाही. ताट तसंच सारून तो उठला आणि त्याने प्रधानाला बोलावलं. "मिरवणूक आजपासून बंद. ती वाटी मोडून शाळेसाठी मोठी पातेली आणा. राजवाड्याचं कोठार उघडा. घंटा व्हायच्या आधी प्रत्येक पोराला गरम न्याहारी मिळाली पाहिजे. रोज. आणि सगुणी शाळेतच राहील."

"गरिबांच्या पोरांची वेगळी रांग लावू?"

"नको. लाजेने पोरं उपाशी राहतील, पण त्या रांगेत बसणार नाहीत. सगळ्यांची एकच पंगत."

"आणि चौघडा?"

"चौघडा कशाला? पोरांना वासाने कळेल."

आणि खरंच कळायचं. कधी कुळथाच्या घुगऱ्या, कधी ताकातल्या कण्या. लसणाची फोडणी बसली की गल्लीगल्लीतून पोरं पळत सुटायची. आमच्याही लहानपणी शाळेत असाच वास यायचा. अजूनही कुठे लसूण तडतडला की मला ती ओसरी आठवते, मांडीला मांडी लावून बसलेल्या मैत्रिणी आठवतात आणि जीव कासावीस होतो.

राजा म्हातारा झाला. राज्य मुलाकडे गेलं. एका सकाळी तो काठी टेकत एकटाच शाळेवरून चालला होता. सगुणी आता त्याच शाळेत शिकवत होती, आत फळा पुसत होती. ओसरीवर पंगत बसलेली. त्या पोरांनी राजाला कधी पाहिलंच नव्हतं. एका चिमुरडीने सरकून जागा केली. "आजोबा, बसा की."

राजा बसला. पुढे गरम कण्या आल्या. दोन घास खाल्ले आणि त्याचे डोळे वाहू लागले.

"तिखट लागलं का, आजोबा?"

"नाही गं. छान आहे."

"मग उद्या पण या," ती बोटं चाटत म्हणाली. "परवा पण असतं."

तात्पर्य, मला उमगलं ते एवढंच: एकदा भरवलेला घास भरवणाऱ्याच्या लक्षात राहतो, पण लेकरू मोठं होतं ते रोजच्या घासावर.